न्को : शाळेबाहेर वाढलेली लिपी

पश्चिम आफ्रिकेत गेल्या दोनशे वर्षांत इतक्या नव्या लिप्या जन्माला आल्या की जगाच्या दुसऱ्या कुठल्या भागात असं घडलेलं क्वचितच आढळेल. १८३० च्या दशकात लायबेरियात मोमोलु दुवालु बुकेले यांनी वाई भाषेसाठी अक्षरं घडवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅमेरूनमधल्या बामुम राज्याचा राजा न्जोया याने आपल्या भाषेची लिपी तयार केली आणि पुढे अनेक वर्षं तो ती सुटसुटीत करत राहिला. १९२० च्या दशकात सिएरा लिओनमध्ये मेंडे भाषेची लिपी पसरली, त्यापुढच्या दशकात लोमा आणि क्पेले भाषांच्या लिप्या आल्या. यांतल्या बहुतेकींचे वाचक आज फार थोडे उरलेत. फ्रेंच सत्तेने न्जोयाच्या शाळा बंद पाडल्या आणि त्यालाही राजधानीतून दूर नेऊन ठेवलं. इतर लिप्या कुणाच्या आघाताने मोडल्या नाहीत. पत्रं, हिशेब, खाजगी टिपणं एवढ्यापुरत्या त्या वापरात राहिल्या आणि एका पिढीकडून दुसरीकडे जाताना विरळ होत गेल्या.

याच प्रदेशात १९४९ साली जन्मलेली न्को ही लिपी मात्र आज गिनी, माली, कोत दिव्वार, बुर्किना फासो आणि गाम्बियापर्यंत शिकवली जाते. तिच्यात वर्तमानपत्रं निघतात, व्याकरणं आणि वैद्यकाची पुस्तकं छापली जातात, कैरो विद्यापीठात तिचं अध्यापन होतं. तिच्यामागे कोणतंही सरकार उभं नव्हतं, मिशनरी संस्था नव्हती, बहुतेक काळ छापखानाही नव्हता. मग इतर लिप्या विरळ होत असताना ही कशी वाढली? ही सगळी प्रस्तावना या एका प्रश्नाभोवती आहे. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. न्कोच्या कर्त्याने अक्षरं घडवून झाल्यावर हात झटकले नाहीत. त्या अक्षरांत वाचावंसं वाटेल असं भरपूर साहित्य लिहिण्यात त्याने उरलेलं सगळं आयुष्य घातलं.

कर्त्याचं नाव सोलोमाना कान्ते. जन्म १९२२ चा, गिनीच्या पूर्व भागात, कान्कान शहराजवळच्या एका खेड्यात. वडील अमारा कान्ते कुराणशाळा चालवत आणि सोप्या अध्यापनपद्धतीबद्दल त्यांचा लौकिक होता. मुलाचं शिक्षण त्याच शाळेत झालं, म्हणजे अरबीत. ही गोष्ट महत्त्वाची आहे. फ्रेंच अमलाखालच्या गिनीत शिकलेला माणूस म्हणजे फ्रेंच येणारा माणूस, असं समीकरण होतं. पण गावोगावी अरबी वाचणाऱ्यांचा, पाटीवर बोरूने लिहिणाऱ्यांचा दुसरा एक वर्ग शतकानुशतकं नांदत होता. सरकारी दप्तरात त्याला स्थान नव्हतं. कान्ते या वर्गातले होते. वाचन-लेखन म्हणजे काय, ते शिकवायला किती वेळ लागतो, मूल कुठे अडतं, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं.

वडिलांच्या मृत्यूनंतर ते कोत दिव्वारमधल्या बुआके या व्यापारी शहरात आले. तिथे बैरूतचे पत्रकार कामिल मरुवा यांचं एक अरबी पुस्तक त्यांच्या हाती पडलं. हे मरुवा पुढे अल-हयात या वृत्तपत्राचे संस्थापक म्हणून अरब जगात प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतल्या लेबनानी वसाहतींची हकीकत सांगणारं त्यांचं ते पुस्तक १९३८ चं. आफ्रिकी लोकांच्या बोलींना व्याकरण नाही, त्या पाखरांच्या आवाजासारख्या आहेत, त्या लिहिताच येत नाहीत, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. कान्ते स्वतः पुढे सांगत की हे वाचून त्यांची झोप उडाली. आपली भाषा लिहिता येते हे सिद्ध करायचं, या जिद्दीने ते कामाला लागले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नवी लिपी करायचीच, असं ठरवून त्यांनी सुरुवात केली नव्हती. पहिली काही वर्षं त्यांनी अरबी लिपीत मान्दिंग (मनिन्का, बाम्बारा, जुला, मंदिन्का या एकमेकींच्या जवळच्या भाषांचा गट; कान्ते यांची मनिन्का त्यातलीच) लिहून पाहिलं, आणि ते स्वाभाविकही होतं, कारण त्या भागात स्थानिक भाषा अरबी अक्षरांत लिहिण्याची जुनी प्रथा होती. पण अरबीत स्वरांची चिन्हं तीन आणि मान्दिंगमध्ये स्वर सात. शिवाय त्या प्रत्येकाचं नाकातून उच्चारलेलं रूप वेगळं. ‘ग’ आणि ‘ब’ एकाच दमात उच्चारल्यावर होणाऱ्या व्यंजनासारखे ध्वनी तर अरबीत नाहीतच. मग १९४७ च्या सुमारास ते रोमनकडे वळले. तिथे स्वरांची सोय थोडी बरी झाली, पण खरी अडचण तशीच राहिली. ती अडचण सुरांची.

मान्दिंग भाषा सुरांच्या भाषा आहेत. एखादं अक्षर उंच सुरात म्हटलं की खालच्या, यावर शब्दाचा अर्थ ठरतो. बाम्बारात ‘सो’ म्हणजे घर आणि ‘सो’ म्हणजेच घोडा. फरक फक्त सुराचा. ‘बाला’ हे लाकडी पट्ट्यांचं वाद्यही आहे आणि साळिंदरही. बोलताना कुणाचाच घोटाळा होत नाही, पण कागदावर सूर उतरला नाही तर वाचणाऱ्याला संदर्भावरून अंदाज बांधत बसावं लागतं. भाषा आधीपासून येणारा माणूस असा अंदाज बांधू शकतो, हे खरं. मात्र नव्याने वाचू लागलेला प्रौढ माणूस प्रत्येक ओळीत दोनदा अडखळला, की पुस्तक मिटून ठेवतो.

१९४९ च्या एप्रिलमध्ये बिंजरव्हिल इथे त्यांनी स्वतःची वर्णमाला पूर्ण केली. १४ एप्रिल हा दिवस न्कोप्रेमी अजूनही साजरा करतात. एकूण २७ अक्षरं : सात स्वर, १९ व्यंजनं आणि एक स्वतंत्र अनुनासिक. त्यावर सूर आणि दीर्घत्व एकत्र दाखवणारी सात चिन्हं. एकाच छोट्या खुणेवरून स्वर लांब की आखूड, उंच की खालचा, चढता की उतरता हे कळतं. अक्षराखाली टिंब दिलं की स्वर नाकातून म्हणायचा. व्यंजनावर दोन टिंबं दिली की अरबी किंवा फ्रेंचमधून आलेला परका ध्वनी लिहिता येतो. लागोपाठच्या दोन अक्षरांत स्वर आणि सूर एकच असतील तर पहिला स्वर गाळून लिहिण्याची सोयही आहे. त्यामुळे लेखन आटोपशीर होतं आणि उच्चारात संदिग्धता राहत नाही. हा नियम ज्याने केला त्याला भाषेच्या अंगावरची प्रत्येक शीर माहीत असली पाहिजे, असं मला वाटतं.

लिपी उजवीकडून डावीकडे जाते. याबद्दल एक हकीकत सांगितली जाते. कान्ते यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना जमिनीवर रेघ ओढायला सांगितलं आणि बहुतेकांनी ती उजवीकडून डावीकडे ओढली, म्हणून दिशा तशी ठरली. अरबीत वाढलेल्या माणसाला ही दिशा आधीच सवयीची असणार, हेही खरं. तरी न्को म्हणजे अरबीची नक्कल, असं म्हणता येणार नाही. अक्षरं अरबीप्रमाणे तळाच्या रेषेवर जोडली जातात, पण स्वर अरबीसारखे व्यंजनावर बसत नाहीत, ते पूर्ण अक्षर म्हणून ओळीत उभे राहतात. आकड्यांच्या बाबतीत तर कान्ते अरबीपेक्षाही काटेकोर निघाले. अरबी मजकूर उजवीकडून चालतो, पण त्यातली संख्या डावीकडून मांडलेली असते. न्कोत संख्याही उजवीकडूनच लिहायची, सर्वांत मोठ्या स्थानाचा अंक उजव्या टोकाला. ओळीत मध्येच दिशा बदलायची नाही. हिशेब मांडणाऱ्या दुकानदाराला हे सोयीचं होतं, आणि पुढे दुकानदारांनीच ही लिपी दूरवर नेली.

‘न्को’ म्हणजे ‘मी म्हणतो’. मनिन्का, बाम्बारा, जुला, मंदिन्का या सगळ्या भाषांत हे शब्द सारखेच आहेत, म्हणून हे नाव एकट्या मनिन्काचं राहत नाही. परंपरा सांगते की १२३६ साली कुरुकान फुगाच्या सभेत माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता याने आपल्या नव्या साम्राज्यातल्या लोकांना ‘न्को म्हणणारे’ असंच संबोधलं होतं. त्या सभेच्या आदल्याच वर्षी सुंजाताने किरिनाच्या लढाईत ज्या सोसो राजाचा पराभव केला, त्याचं आडनाव कान्ते होतं, आणि कान्ते हे लोहारांचं कूळ. जिंकलेल्या राजाच्या तोंडचे शब्द हरलेल्या राजाच्या आडनावबंधूने लिपीसाठी निवडले. माली साम्राज्याचा वारसा जिंकणाऱ्या घराण्याइतकाच हरणाऱ्यांचाही आहे, हे या निवडीत मला स्पष्ट दिसतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कान्ते यांनी १९४९ नंतर जवळजवळ चार दशकं लिहिलं. पुस्तकांची यादी १८० च्या पुढे जाते. कुराणाचं मान्दिंग भाषांतर, पैगंबरचरित्र, व्याकरण, तीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश, मान्दे प्रदेशाचा राजवंशवार इतिहास, अंकगणित, स्थानिक वनस्पती आणि त्यांचे औषधी उपयोग, तत्त्वज्ञान, कविता. व्याकरणासाठी आणि विज्ञानासाठी लागणाऱ्या संज्ञा त्यांनी भाषेतल्याच धातूंपासून घडवल्या. फ्रेंच शब्द जसाच्या तसा उचलणं त्यांना मान्य नव्हतं.

या यादीत मला वनस्पतींची पुस्तकं सर्वांत मोलाची वाटतात. न्को शिकायला येणारा माणूस कोण होता? बाजारात कापड किंवा कोलाची फळं विकणारा, शिवणकाम करणारा, वाहन चालवणारा, गावठी औषधं देणारा. फ्रेंच शाळेची पायरी त्याने चढलेली नव्हती, आणि अरबी पाठ असली तरी तिचा अर्थ त्याला लागत नव्हता. त्याच्या हाती त्याच्याच भाषेत लिहिलेलं, त्याच्याच रानातल्या झाडांचं पुस्तक आलं. वैदू असेल तर त्याच्या धंद्याचं ज्ञान प्रथमच कागदावर आलं. लिपी शिकायला काही महिने पुरत आणि शिकल्याबरोबर वाचायला काही तरी समोर असे. साक्षरतेच्या सरकारी मोहिमा जगभर जिथे फसतात ती जागा हीच. अक्षरओळख झालेल्या माणसासमोर प्रवेशिकेनंतर वाचायला काहीच उरत नाही आणि वर्षभरात अक्षरं विसरली जातात.

प्रसाराची रीतही तितकीच साधी. जो शिकेल त्याने पुढे शिकवायचं. बुआके, बामाको, कान्कान, आबिजान या शहरांना जोडणाऱ्या व्यापाराच्या वाटा मान्दिंगभाषक व्यापाऱ्यांच्याच होत्या, त्याच वाटांनी वह्या फिरल्या. पुस्तकं आधी हाताने उतरवून घेतली जात, नंतर त्यांच्या छायाप्रती निघू लागल्या आणि बाजारातल्या टपऱ्यांवर धान्य-कापडाशेजारी विकल्या जाऊ लागल्या. वर्ग भरायचे संध्याकाळी, दुकानं मिटल्यावर, एखाद्या पडवीत किंवा अंगणात. दुकानाबाहेर न्कोत पाटी लागली की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळे, आत वाचणारा माणूस आहे.

सरकारशी नातं गुंतागुंतीचं राहिलं. २८ सप्टेंबर १९५८ च्या मतदानात गिनीने द गॉल यांच्या फ्रेंच समुदायाला ठाम नकार दिला आणि २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे स्वतः मनिन्काभाषक. कान्ते मायदेशी परतले तेव्हा तुरे यांनी त्यांच्या कामाचा गौरव केला, पण न्कोला राष्ट्रीय लिपीचा दर्जा दिला नाही. यामागे नुसता आकस होता असं मी म्हणणार नाही. फुलानी आणि सुसू बोलणाऱ्यांच्या देशात एका भाषागटाची लिपी सर्वांवर लादली तर फूट पडेल, ही भीती निराधार नव्हती. १९६६ साली युनेस्कोच्या पुढाकाराने बामाकोला तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथे पश्चिम आफ्रिकी भाषांसाठी रोमन वर्णमाला ठरवण्यात आल्या. १९६८ पासून गिनीच्या शाळांत आठ राष्ट्रीय भाषा आल्या, पण रोमन लिपीत. ज्या धोरणाचं कान्ते यांना स्वप्न पडलं असतं ते आलं, आणि त्यात त्यांच्या अक्षरांना जागा नव्हती. १९८४ मध्ये तुरे वारले, नव्या राजवटीने शाळा पुन्हा फ्रेंचकडे नेल्या आणि तो सगळा प्रयोग गुंडाळला गेला. न्कोचे वर्ग मात्र सरकारी धोरणावर अवलंबून नव्हतेच, ते पूर्वीसारखे चालू राहिले.

मधली काही वर्षं कान्ते यांनी बामाकोत काढली आणि अखेरच्या काळात ते गिनीला परतले. २३ नोव्हेंबर १९८७ रोजी कोनाक्रीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या मागे अनुयायांनी संघटना बांधली, तिला गिनीत अधिकृत मान्यता मिळाली, शिक्षक तयार होऊ लागले, पुस्तकं नीट छापली जाऊ लागली. संगणकाचा काळ आला तेव्हा नवा पेच उभा राहिला. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, एकाने टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर अगम्य. बाबा मामादी दियाने, मामादी दुम्बुया आणि कारामो काबा जामे या न्कोच्या अभ्यासकांनी लिपीतज्ज्ञ मायकल एव्हरसन यांच्यासह प्रस्ताव तयार केला, त्याला युनेस्कोचं साहाय्य होतं, आणि २००६ साली युनिकोडच्या पाचव्या आवृत्तीत न्कोचा समावेश झाला. त्यानंतर विंडोजमध्ये न्कोसाठी फॉन्ट आला, न्कोतला विकिपीडिया उभा राहिला, २०२४ मध्ये गूगलच्या भाषांतरसेवेतही तिला स्थान मिळालं.

मराठी वाचकाला ही कहाणी फार परकी वाटू नये. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संताळीसाठी ओल चिकी घडवली आणि त्या लिपीत स्वतः नाटकं लिहिली, पाठ्यपुस्तकं लिहिली. ‘बिदु चांदान’ या त्यांच्या नाटकाने लिपीचा प्रसार केला तो कोणत्याही शासननिर्णयाने झाला नसता. कान्ते आणि मुर्मू यांना एकमेकांची वार्ता असण्याचं काही कारण नाही, तरी लिपीला वाचण्याजोगं साहित्य लागतं, ही एकच गोष्ट दोघांनी ओळखली. आपल्या जवळची गोष्ट अजून अपुरी आहे. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी केली, ती २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. गडचिरोलीत गोंडी बोलणारी गावंच्या गावं आहेत, पण गोंडीत वाचायला मिळेल असं किती छापलं जातं? हा प्रश्न लिपीचा नाही, लेखकांचा आहे, आणि न्कोचा इतिहास वाचताना तो मला सतत टोचत राहिला.

न्को चळवळीबद्दल प्रेम वाटतं म्हणून तिच्यातले वाद झाकायचं कारण नाही. पहिला वाद प्रमाणभाषेचा. कान्ते यांनी ‘कांग्बे’, म्हणजे स्वच्छ, स्पष्ट भाषा, असं एक लेखी रूप पुढे आणलं. सगळ्या मान्दिंग बोलींच्या वर ते असावं अशी कल्पना होती, पण त्याचा ओढा कान्कानच्या मनिन्काकडे आहे. बामाकोत बाम्बारा बोलणारा मुलगा हे वाचताना आपल्या घरच्या भाषेपासून काही पावलं दूर जातो. त्याने का जावं, हा प्रश्न रास्त आहे. दुसरा वाद इतिहासाचा. कुरुकान फुगाच्या सभेची कलमं ज्या रूपात आज सांगितली जातात, त्यात गवयांच्या मौखिक परंपरेचं किती आणि कान्ते यांच्या लेखणीचं किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मते यात कान्ते यांना कमीपणा नाही. मौखिक परंपरा कागदावर उतरवणाऱ्या प्रत्येकाला निवड करावी लागते, पण ती निवड होती हे वाचकाला माहीत असायला हवं. तिसरी अडचण रोमनची. मालीतल्या सरकारी साक्षरता वर्गांत आणि शाळांत बाम्बारा रोमनमध्ये शिकवली जाते, तिच्यातही पुस्तकं आहेत, तिचेही निष्ठावंत आहेत. एकाच भाषेचे दोन वाचकवर्ग एकमेकांचं लिहिलेलं वाचू शकत नाहीत. हे दुःख पंजाबीने भोगलंय, कोकणीने भोगलंय.

पुढची पानं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे. या प्रदेशातल्या साक्षरतेचे आकडे जेव्हा जेव्हा समोर येतील तेव्हा विचारावं की मोजणाऱ्याने कोणत्या लिपीतलं वाचन मोजलं. न्कोत पत्र लिहिणारी, औषधांचं पुस्तक वाचणारी, दुकानाचा हिशेब ठेवणारी बाई फ्रेंच येत नाही म्हणून निरक्षरांच्या रकान्यात टाकली जाऊ शकते. असं झालं की साक्षरतेच्या अहवालातून एक अख्खी चळवळ गळून जाते, आणि मग या समाजाला शिकवायला बाहेरूनच कुणी यायला हवं असा निष्कर्ष निघतो.

सध्या हा विषय पुन्हा तापला आहे. जुलै २०२३ मध्ये मालीची नवी राज्यघटना अमलात आली. तिने फ्रेंचला अधिकृत भाषेच्या जागेवरून खाली आणून कामकाजाची भाषा केलं आणि देशातल्या राष्ट्रीय भाषांना अधिकृत दर्जा दिला. बाम्बारा आणि मनिन्का त्यांत आहेत. कायदे, निवाडे, दाखले, सातबाऱ्यासारखे जमिनीचे कागद या भाषांत लिहायचे ठरले तर ते कोणत्या अक्षरांत लिहिणार? सरकारकडे १९६६ पासूनची रोमन वर्णमाला तयार आहे. न्कोवाल्यांकडे कोश आहे, व्याकरण आहे, पारिभाषिक शब्द आहेत, आणि पगाराशिवाय शिकवणाऱ्या शिक्षकांची तिसरी-चौथी पिढी आहे. बामाकोतल्या कचेऱ्यांनी अजून त्यांना विचारलेलं नाही. कान्कानमधले वर्ग त्या उत्तरासाठी थांबलेले नाहीत.